मदत हवी आहे: जीबीएस या नसांच्या आजारानंतर पुन्हा पळायचंय, पण कसं?

मंडळी, लहान भाऊ 27 वर्षांचा, रोज पहाटे नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा चढ पळणारा. ऑक्टोबरमध्ये आठवडाभर पोट बिघडलं, मग तळपायाला मुंग्या, आणि चौथ्या दिवशी जिना चढताना गुडघेच दगा देऊ लागले. एका डॉक्टरांनी 'व्यायाम जास्त झाला' म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. दोन दिवस तिथेच गेले, राग अजून आहे. शेवटी पाठीतलं पाणी आणि नसा तपासल्यावर कळलं, गुइयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते म्हणे. पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटिबॉडीज, दिलं. व्हेंटिलेटर लागला नाही हे नशीब.

आता वॉकर सुटला, फुटाळा तलावापर्यंत चालत जातो. पण डावा पाय घासतो आणि दुपारनंतर गडी पार गळतो. खराब झालेली नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते, हे त्याला पटतच नाही. जोर लावतो आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणात.

धरमपेठ-सिव्हिल लाइन्सकडे नसांच्या आजारात मुरलेला फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहे का? पाण्यात व्यायाम करून घेणारं कुणी? आणि यातून उठून पुन्हा पळायला लागलेलं कोणी असेल तर माझ्या भावाशी जरा बोला ना. माझं ऐकत नाही तो.