गोळी सोडा लवकर का बसतो: आधी वायसर बघा

बेळगाव, निपाणी, खानापूरकडचा गोळी सोडा (काचेच्या गोळीने बंद होणाऱ्या बाटलीतला सोडा) हल्ली लगेच बसतो, म्हणजे त्यातला गॅस निघून जातो, कारण गॅस कमी मारतात, असं म्हटलं जातं. मला तरी गॅसपेक्षा वायसरचा, म्हणजे बाटलीच्या गळ्यातल्या रबरी कड्याचा, दोष जास्त वाटतो. हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीला वेगळं झाकण नसतंच. गळ्याच्या आतल्या खाचेत रबरी वायसर असतो आणि आतल्या गॅसच्या दाबाने गोळी त्याला घट्ट चिकटते. रबर कडक झालं, चिरलं किंवा त्यावर साखरेचा कण राहिला की गॅस हळूहळू निसटतो.

दुसरं कारण पाणी. ५ अंशांच्या पाण्यात २५ अंशांच्या मानाने, त्याच दाबाला, जवळपास दुप्पट गॅस विरघळतो. म्हणून मे महिन्यात टाकीचं कोमट पाणी वापरूच नये. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, गॅसला जागा हवी. गॅस भरायच्या यंत्राच्या पिंजऱ्यात (बाटली धरून फिरवणाऱ्या चौकटीत) फिरवून झाल्यावर बाटली उलटीच थांबवायची, म्हणजे गोळी गळ्यात येऊन बसते. केसाएवढाही तडा असलेली बाटली बाजूला काढा, ती दाबाने फुटते. पिंजऱ्याला जाळी हवीच.

गळती तपासायला भरलेली बाटली पाण्याच्या बादलीत तोंडासकट उभी बुडवून धरा. तोंडाशी बुडबुडे आले तर वायसर बदला.