अनुभव धागा : स्टँडवरची भाड्याची सायकल लोक वर्षानुवर्षं का वापरतात?

धागाकर्ता
पहिला आठवडा हौसेचा असतो. वर्षभरानंतरही लोक ती सायकल कशामुळे वापरतात, ते लिहा. प्रवासवर्णन नको, काय तपासायचं, कुठे अडतं आणि उपाय काय, ते नेमकं सांगा.

तीन_गिअर (लंडन)
इथली योजना जुलै २०१० पासून चालू आहे. सायकल मिळेल का, यापेक्षा ती लावायला जागा मिळेल का, याची काळजी रोजच्या माणसाला जास्त असते. सकाळी वॉटर्लू स्टेशनाजवळचे डॉक (सायकल अडकवून लावायचे स्टँड) रिकामे होत जातात आणि सिटी या ऑफिसांच्या भागातले भरतात, संध्याकाळी उलट. सायकली इकडून तिकडे नेणाऱ्या गाड्याही त्याच गर्दीत अडकतात. म्हणून निघण्याआधी अॅपवर पोचायच्या ठिकाणच्या रिकाम्या जागा बघा. दोन-तीनच उरल्या असतील तर एक डॉक अलीकडे सायकल लावून पुढे चालत जा. भरलेल्या डॉकपाशी पोचलात, तर तिथल्या यंत्रावर जागा नसल्याची नोंद करा : १५ मिनिटं फुकट वाढवून मिळतात आणि जवळच्या रिकाम्या जागाही दिसतात. हे ठाऊक नसल्यामुळे नवे लोक एका भाड्यातल्या ३० मिनिटांची हद्द ओलांडून विनाकारण जादा पैसे भरतात.

परत लावताना पुढचं चाक जोर देऊन आत ढकला, हिरवा दिवा लागेपर्यंत हात सोडू नका, मग एकदा मागे ओढून बघा. दिवा लागला नसेल तर भाडं चालूच राहतं. सगळ्यात महाग चूक हीच.

चेनकव्हर (लंडन)
वरच्यात भर. सायकल उचलण्याआधी अर्धा मिनिट द्या. दोन्ही टायर अंगठ्याने दाबा, प्रत्येक ब्रेक वेगवेगळा आवळून बघा, सीटची पकड घट्ट आहे ना ते पाहा. बिघाड दिसला तर डॉकवरचं लाल बटण दाबा, म्हणजे ती सायकल दुसऱ्याला मिळत नाही.

गुडघे दुखतात म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि कारण बहुतेकदा खाली राहिलेली सीट. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीटच्या दांड्यावर आकडे असतात. आपला आकडा लक्षात ठेवा. सायकलचं वजन साधारण २३ किलो, त्यामुळे चढावर सुरुवात पहिल्याच गिअरवर करा. गिअर मागच्या चाकाच्या हबच्या (मधल्या तुंब्याच्या) आत असल्याने उभ्या सायकलवरही बदलता येतो. चालत्या सायकलवर बदलताना क्षणभर पॅडल थांबवा.

सीनकाठ (पॅरिस)
इथली भाड्याच्या सायकलींची योजना, व्हेलिब, १५ जुलै २००७ ला सुरू झाली. इथे सीट उलटी फिरवलेली दिसली की सायकल नादुरुस्त, असं लोकच एकमेकांना कळवतात. ती सोडून पुढची घ्या, आणि तुम्हाला बिघडलेली मिळाली तर लावताना सीट फिरवून ठेवा. मोंमार्त्रसारख्या चढावर सायकली खाली उतरतात, वर कमी येतात. त्यावर तोड म्हणून उंचावरच्या स्टेशनांवर परत करणाऱ्याला जादा मिनिटं देत.

पेठकर (पुणे)
पुण्यात २०१७ च्या अखेरीस विनाडॉक सायकली आल्या. अॅपने कुलूप उघडायचं, कुठेही ठेवायची. मोडतोड झाली, सायकली सोसायट्यांच्या आत गेल्या, आणि नकाशावर दिसणारी सायकल जागेवर सापडेना. दोनदा असं झालं की माणूस रिक्षाच पकडतो. म्हैसूरची ट्रिन ट्रिन ही सायकल योजना त्याच वर्षी जूनमध्ये ४५० सायकलींनी सुरू झाली, पण ठरलेल्या डॉकवर. सायकल कुठे असेल, हे आधीच माहीत असणं फार मोलाचं आहे.

कुर्ला_पश्चिम (मुंबई)
कुर्ला स्टेशन ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) एवढ्या टप्प्याला ई-सायकली उपयोगी. ताशी २५ किमीच्या आतली आणि २५० वॉटपर्यंतची असेल तर परवाना लागत नाही. आधी बॅटरी किती उरली ते बघा. फेरी ठरलेल्या क्षेत्रातच संपते. उंच इमारतींमध्ये जीपीएस सरकतं, म्हणजे फोन जागा चुकीची दाखवतो, तेव्हा भिंतीपासून दूर, मोकळ्यावर या आणि पुन्हा प्रयत्न करा. फेरी संपल्याचा संदेश आल्याशिवाय जागा सोडू नका.

चेनकव्हर (लंडन)
एक राहिलंच : एकेरी फेरीची सोय. सकाळी सायकल, संध्याकाळी पाऊस आला तर बस. स्वतःची सायकल असती तर ती ऑफिसपाशी अडकली असती.