पहिली दुरुस्ती आणि परिशिष्ट ९
घटनेशी खरी छेडछाड आणीबाणीतल्या ४२व्या दुरुस्तीपासून सुरू झाली असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. पहिली दुरुस्ती जून १९५१ मध्येच झाली, घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, हंगामी संसदेनेच ती पास केली. आणि किरकोळ मुळीच नव्हती हो! मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने १९५० मध्ये उडवली, तर लगेच कलम १९(२) मध्ये, म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर निर्बंध कशासाठी घालता येतात ते सांगणाऱ्या कलमात, सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणं घातली. निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अटही तेव्हाच आली, तो मोठाच दिलासा.

परिशिष्ट ९ पण तेव्हाचंच, म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून कोर्टात आव्हान देता येऊ नये अशा कायद्यांची घटनेतली यादी. सुरुवातीला १३ कायदे, जमीनदार कोर्टात जाऊन अडवतील म्हणून, आणि त्यात आपला १९४८चा मुंबई कुळकायदाही होता. कसणाऱ्याला जमीन मिळावी या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण कोर्टाला दार बंद करायची सोय एकदा हाताशी आल्यावर सरकारं थांबतात होय? यादी २८४ पर्यंत गेली, 'परिशिष्ट ९ रद्द करा' म्हणणारे शेतकरी कार्यकर्ते आपल्याकडे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकायला हवं असं मला मनापासून वाटतं. शेवटी २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर, म्हणजे संसदेला घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही असं सांगणाऱ्या केशवानंद निकालानंतर, त्यात घातलेले कायदे त्या चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील.