लाल गुलाबाचा सपाट डाग का होतो
लाल गुलाब फोटोत सपाट डागासारखा येतो, त्यावर सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी करायचा सल्ला दिला जातो. त्यानं रंग फिका पडेल, पण पाकळ्यांच्या कडा परत येणार नाहीत, कारण लाल चॅनल (फोटोतली लाल रंगाची नोंद) फोटो काढतानाच जळालेला असतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन त्यातले बारकावे गेलेले असतात. कॅमेऱ्यातल्या साध्या हिस्टोग्राममध्ये (फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखात) हे कळत नाही. लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा. लाल आलेख उजव्या टोकाला टेकला असेल तर कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजेड) −०.७ ते −१ स्टॉप करा, म्हणजे एका स्टॉपला उजेड निम्मा, आणि फोटो रॉमध्येच (सेन्सरची मूळ माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काढा.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पुण्यात डिसेंबरात बहर येतो, तेव्हाचं सकाळी आठच्या आतलं कोवळं ऊन सोडू नका. सावलीच्या बाजूला वीतभर अंतरावर पांढरा कार्डशीट धरा. पाकळीवरची मखमल, अगदी बारीक शिरासुद्धा दिसायला लागल्या की कॅमेरा खाली ठेववत नाही!