शिडाच्या बोटीतून दूरच्या बेटावर पोहोचल्याचे अनुभव

चांदणवारा: नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीचे फोटो परत बघत बसले होते. तिच्यावरच्या दोघी नौदल अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून निघून जगाला फेरी मारून 29 मे 2025 ला परत आल्या. त्यावरून नुकु हिवा आठवलं, पॅसिफिकमधल्या मार्केसास या फ्रेंच बेटांपैकी एक. गालापागोसपासून मार्केसास बेटं साधारण 3000 सागरी मैल, मध्ये जमीन नाहीच. बेट दिसायच्या आधी त्याचा वास आला. पहाटेचा माझा पहारा होता. ओली माती, धूर, कुजलेला पाला, आणि मग काळोखात उभा डोंगर. ताइओहाए हा तिथला उपसागर म्हणजे ज्वालामुखीचं फुटलेलं विवर, दक्षिणेकडे तोंड उघडं. आत शिरताना दोन्ही बाजूंना पहारेकरी खडक. नांगर पडला तेव्हा कोणीच बोलेना. बोटीच्या मागच्या बाजूला बोटाएवढ्या देठांची शिंपलीवाली जनावरं लोंबत होती, अख्खा प्रवास आमच्याबरोबर केलेली. धक्क्यावर एका आजींनी पपनस दिलं, ते उभ्यानेच खाल्लं, कोपरापर्यंत रस. तुमचंही लिहा ना.

दर्यावर्दी७: पपनस!! आमच्याकडे गणपतीला माटवीला बांधतात.

खारा_मतलई: निऊए, पॅसिफिकमधला एका बेटाचा देश. तिथल्या अलोफी गावाला बंदर असं नाहीच, नुसता धक्का. लाटा एवढ्या की डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) तिथे बांधून ठेवता येत नाही, क्रेनने उचलून वर ठेवायची. हूक आपणच अडकवायचा, बटण आपणच दाबायचं. खाली एकजण डिंगीत लाटेबरोबर वरखाली, वरचा ओरडतोय "आत्ता! आत्ता!" आम्हा नवराबायकोचं इतकं एकमत लग्नात पण झालं नव्हतं 😄 रात्री बोटीच्या तळातून देवमाशांचं गाणं ऐकू यायचं. बायको उशीला कान लावून रडली.

मग टोंगा देशाला जाताना वाररेषा (तारीख बदलते ती रेषा) ओलांडली, एक तारीख गायब. नेमकी संकष्टी.

ओवीची_आई: अय्या मग उपास?

खारा_मतलई: केला की. तारीख गेली तरी चंद्र उगवतोच. डोलकाठीमागून वर आला, रव्याच्या लाडवाचा नैवेद्य.

इंजिनरूम: शिडाचा नाही, मालवाहू जहाजावरचा सांगतो, चालेल ना. पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटाजवळ जहाज थांबलं होतं. बेटावरचे लोक लांब होडी घेऊन आले, लाकडी कासवं आणि मध विकायला. जेमतेम पन्नास माणसं राहतात तिथे, बरीचशी 1790 ला आलेल्या 'बाउंटी' या इंग्रज जहाजावरच्या बंडखोरांच्या वंशातली. लाटेत दोरीच्या शिडीवरून सरसर चढले, त्यांतला एकजण माझ्या बाबांच्या वयाचा. बाबा तेव्हा नुकतेच गेले होते. त्या माणसाचा हात धरून वर घेतला आणि सोडवेना.

चांदणवारा: 🙏 असं कुठे काय भेटेल सांगता येत नाही.

ओवीची_आई: माझं सावुसावु, फिजी. पिवळं निशाण चढवून बोटीतच थांबलो, तपासणीवाले येईपर्यंत उतरायचं नाही. आमची कडधान्यं, लसूण, उरलेली फळं सगळी पिशवीत भरून नेली. मोड आणायचे मूग गेले त्याचं फार वाईट वाटलं, हिरवं तेवढंच उरलं होतं. पण बाजारात गेलो तर भेंडी, दुधी, मेथी! विकणाऱ्या मावशी हिंदी बोलल्या, आपल्याहून वेगळी, गोड. त्यांचे पणजोबा उत्तर प्रदेशातल्या बस्तीकडचे, गिरमिटातून म्हणजे मजुरीच्या करारावर आलेले. 1879 ला पहिलं जहाज आलं, 1916 पर्यंत साठ हजार माणसं आणली. मी आले हौसेने, ते कसे आले असतील. मावशींनी दुधीचे पैसे घेतलेच नाहीत. पोरगी उठली, नंतर लिहिते

दिवाडकर: नौदलाची आधीची शिडाची बोट 'म्हादेई' आमच्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधली, 'तारिणी' सुद्धा. फेरीबोटीतून जाताना यार्ड दिसतं. नौदलाच्या दिलीप दोंदेसाहेबांनी 2009-10 मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने जग फिरून दाखवलं तेव्हा गावात सगळे आपलाच मुलगा परत आल्यासारखे बोलत होते. अनुभव नाही, अभिमान आहे म्हणून लिहिलं.

पोळीभाजी: एक विचारू? एवढ्या हलत्या बोटीत स्वैपाक कसा करता

खारा_मतलई: कुकर! झाकण घट्ट, बोट कलली तरी सांडत नाही. शेगडी झुलती असते, बोट वाकडी झाली तरी ती सरळ राहते. खिचडी रोज. पहिले काही दिवस मात्र आल्याचा तुकडा आणि कोरडी भाकरी, बाकी काही पोटात राहत नाही.

दर्यावर्दी७: आणि उतरल्यावर जमीन हलते ते? मी टपालाच्या रांगेत भिंत धरून उभा होतो. बाईंनी न विचारता खुर्ची दिली, रोज बघत असणार.

पोळीभाजी: मुलाला कोणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून जायचंय. आपल्या पासपोर्टवर जमतं का? काळजी वाटते.

चांदणवारा: जाऊ दे त्याला. फिजी, निऊएला व्हिसा आधी काढावा लागत नाही, मार्केसाससारख्या फ्रेंच बेटांना लागतो, तो निघायच्या आधीच काढायचा. बोटीच्या यादीत नाव हवं, आणि कॅप्टनशी आधी नीट बोलून घ्यायचं, बोट सोडायची झाली तर परतीचं तिकीट कोण काढणार हे सुद्धा. नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण पॅसिफिकमध्ये वादळांचा मोसम, त्यामुळे बोटी मे-जूननंतरच पश्चिमेकडे सरकतात. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, यादी पाठवते.