भावाचं जहाज नकाशावर अडकलंय आणि टनेजचे आकडे जुळत नाहीत

धाकटी_बहीण
भाऊ एका छोट्या बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) थर्ड ऑफिसर आहे. मोफत ट्रॅकिंग साइटवर त्याचं जहाज परवापासून भर समुद्रात एकाच जागी दिसतंय. डेस्टिनेशनमध्ये ते जिथून निघालं तेच बंदर! टनेज एका साइटवर ४,१००, दुसरीवर ६,२००. खरं कुठलं? आई दर तासाला विचारते, मी काय सांगू?

खलाशी_नसलेला
नावाने शोधलं असेल तर आधी आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा सात अंकी ओळख क्रमांक) टाकून बघा. एकाच नावाची कितीतरी जहाजं असतात.

जुना_चीफमेट
ताई, जहाज चालतंय, फक्त त्याचं ऐकणारं जवळ कोणी नाही. एआयएस, म्हणजे जहाजाची जागा आपोआप कळवणारं यंत्र, व्हीएचएफ रेडिओवर चालतं. किनाऱ्यावरचा अँटेना साधारण ४० सागरी मैलांपर्यंत पकडतो, पुढे उपग्रह लागतो आणि त्याचे बहुतेक साइट पैसे घेतात. यंत्र बिचारं चालत्या जहाजावर दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा ओरडून सांगतच असतं. आईंना सांगा, किनारा जवळ आला की दिसेल.

जागा, वेग, दिशा आपोआप जातात. डेस्टिनेशन, ईटीए (पोहोचण्याची अंदाजे वेळ), ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय), 'अंडरवे' (चालतंय) की 'ॲट अँकर' (नांगर टाकलाय), हे सगळं ब्रिजवरचा ऑफिसर हाताने भरतो. बंदर सोडतानाच्या धांदलीत राहून जातं. बऱ्याच जहाजांवर हे काम थर्ड मेटकडेच, म्हणजे थर्ड ऑफिसरकडेच असतं, तेव्हा डेस्टिनेशनचा जाब बंधुराजांनाच विचारा.

टनेजचे दोन्ही आकडे बरोबर असणार. ४,१०० हे ग्रॉस टनेज, म्हणजे वजन नव्हेच. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा, त्याला एकक नाही. ६,२०० हे डेडवेट, म्हणजे जहाज एकूण किती वजन वाहू शकतं ते, टनांत. पण तेवढा माल मावतो असं समजू नका. इंधन, गोडं पाणी, स्टोअर्स, माणसं, सगळं त्यातच येतं. शिवाय माल कुठला यावरही आहे. आयर्न ओअर (लोखंडाचं खनिज) भरलं तर होल्ड (मालाचं कोठार) अर्धाही भरत नाही आणि जहाज लोडलाइनला, म्हणजे जास्तीत जास्त बुडण्याच्या खुणेला टेकतं. कोक (कोळशापासूनचं हलकं इंधन) भरला तर होल्ड गच्च, तरी ड्राफ्ट शिल्लक. म्हणून चार्टररला (जहाज भाड्याने घेणाऱ्याला) डेडवेटइतकीच ग्रेन कपॅसिटी, म्हणजे होल्डमध्ये सुट्या मालाला किती जागा आहे तेही हवं असतं, ती घनमीटरमध्ये देतात.

धाकटी_बहीण
आयएमओ नंबर टाकला तर भलतंच नाव आलं. जहाज तेच ना?

जुना_चीफमेट
तेच. मालक बदलला की बहुतेकदा नाव बदलतं, झेंडा बदलला की एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक) ही; आयएमओ नंबर भंगारात जाईपर्यंत तोच. नंबर लिहिताना चुकला का तेही तपासता येतं. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करा, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे सातवा अंक. उदाहरणार्थ ९०७४७२९ ची बेरीज १३९, शेवटी ९. मग इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या साइटवर फुकट खातं काढा. बांधणीचं वर्ष, मालक, क्लास (जहाज तपासून प्रमाणित करणारी संस्था), बंदरांतल्या तपासण्या, सगळं मिळेल.

खलाशी_नसलेला
आणि उद्या जहाज एखाद्या विमानतळावर उभं दिसलं तर दचकू नका. काही भागांत जीपीएसमध्ये मुद्दाम गडबड केली जाते.

धाकटी_बहीण
ते आईला नाही सांगणार 😅 ड्राफ्ट ६.६ मीटर दाखवतंय. म्हणजे माल भरलेला आहे ना?

जुना_चीफमेट
हाताने भरलेला आकडा आहे तो. मागच्या फेरीचाही असू शकतो.