पितळी प्रायमस ९६ पुन्हा वापरात आणायचा आहे : सल्ला हवा

कातळवाटा :

मामांच्या माळ्यावर पत्र्याच्या चपट्या डब्यात सुटा करून ठेवलेला एक छोटा पितळी स्टोव्ह मिळाला. टाकीवर 'प्रायमस' आणि '९६' हे ठसे स्पष्ट वाचता येतात. मामा तो हिमालयातल्या मोहिमांना नेत असत, पण गेल्या कित्येक वर्षांत तो कोणी पेटवलेला नाही. पंपाचा दांडा अजिबात दाब न देता आतबाहेर होतो आणि बर्नरवर काजळी घट्ट बसली आहे. तो शोभेसाठी ठेवण्यापेक्षा सह्याद्रीतल्या मुक्कामांत वापरावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र आईच्या मनात स्टोव्हच्या भडक्याची धास्ती आहे आणि ती मला अनाठायी वाटत नाही. दुरुस्ती कुठून सुरू करावी, रॉकेल आता मिळत नसेल तर काय घालावे आणि पितळ कशाने स्वच्छ करावे, याबद्दल अनुभवींनी मार्गदर्शन करावे.

जुनीपितळ :

सर्वांत आधी इंधनाची खातरजमा करा, कारण जुन्या स्वीडिश स्टोव्हमध्ये दिसायला जवळचे पण स्वभावाने अगदी वेगळे असे दोन प्रकार आहेत. स्वेआ १२३ आणि ऑप्टिमस ८आर हे पेट्रोलचे स्टोव्ह आहेत. त्यांना स्वतःचा पंप नसतो, टाकीच्या उष्णतेनेच दाब तयार होतो. तुमचा ९६ हा रॉकेलचा आहे : पंप आहे, आणि टाकीच्या झाकणावर हवा सोडण्याची चावी आहे. त्यात पेट्रोल कधीही घालू नये. रॉकेलची वाफ पेटण्याजोगी होण्यासाठी ते साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते, तर पेट्रोल शून्याखाली कितीतरी अंशांवरही पेट घेते. चावी उघडताच टाकीतली वाफ बर्नरच्या शेजारी बाहेर पडते, हे लक्षात घेतले की धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता दुरुस्ती. दांडा दाब देत नाही याचा अर्थ पंपाचा चामडी वायसर वाळून आकसला आहे. तो काढून शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर बुडवा, बोटांनी मळा आणि त्याची कड बाहेरच्या बाजूला हलकेच फुलवा. चामडे तडकलेले नसेल तर बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागते. पंपाच्या नळीच्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो हवा टाकीत जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. त्यातली बुचाची किंवा रबराची टिकली इतक्या वर्षांत नक्कीच कडक झाली असणार. पंप मारल्यावर दांडा आपोआप वर येऊ लागला किंवा पंपाच्या नळीत रॉकेल दिसले, तर दोष तिथेच आहे. हा व्हॉल्व्ह काढायला लांब दांड्याचा खास पाना लागतो. पक्कड घालून नळीची कड चेपू नका, हे काम जुन्या कारागिराकडूनच करून घ्यावे. टिकली बदलताना रॉकेल सोसणारे नायट्राइल किंवा व्हायटॉन रबर वापरावे, सायकलच्या ट्यूबचे रबर रॉकेलात फुगते.

९६ ची खरी नाजूक जागा तिसरी आहे. हा स्टोव्ह डब्यात मावावा म्हणून त्याचा बर्नर दर वेळी टाकीवरून काढावा लागतो आणि त्या जागी बंद झाकण लावावे लागते. जो सांधा घरच्या मोठ्या स्टोव्हमध्ये वर्षानुवर्षे उघडला जात नाही, तो येथे प्रत्येक मुक्कामाला उघडतो. म्हणून तिथला वायसर आणि आटे प्रत्येक वेळी बोट फिरवून तपासावेत. सांधा गळत असेल तर वायसर बदलावा. जोर लावून आवळल्याने आटे खराब होतात, गळती मात्र थांबत नाही.

हे सारे झाले की इंधन न घालता बंद झाकण लावा, थोडी हवा भरा आणि टाकी पाण्याच्या बादलीत बुडवून धरा. झाकण, चावी, पंपाची कड आणि तळाची झाळ यांपैकी जिथून बुडबुड्यांची रेघ निघेल तिथे काम बाकी आहे. बुडबुडा झाळीतून किंवा पितळातल्या चिरेतून येत असेल, तर तो स्टोव्ह कपाटातच शोभतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानवाटाड्या :

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी पेटवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण आईंना ज्याची भीती वाटते तो भडका बहुतांशी घाईतून होतो.

या स्टोव्हमध्ये द्रव रॉकेल जळत नाही. ते तापलेल्या बर्नरच्या नळ्यांतून जाताना त्याची वाफ होते, ती निपलच्या मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या छिद्रातून जोरात बाहेर पडते, हवेत मिसळते आणि वरच्या ताटलीवर आपटून निळी जळते. बर्नर पुरेसा तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच बाहेर येते आणि पिवळी ज्योत हातभर वर जाते. तेव्हा टाकी पाऊण भरा, अधिक नको, आणि चावी उघडी ठेवा. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट भरून पेटवा आणि थांबा. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही, म्हणून आडोशाला बसून वाटीच्या कडेवर नजर ठेवावी. ज्योत खाली बसून कडेशी निळसर लुकलुकू लागली की चावी बंद करून पंपाचे दोन-तीन हलके दट्टे द्यावेत. वाफेने पेट घेतला की आधी फुरफुर होते, मग आवाज एकसारखा घुमू लागतो. त्यानंतरच दाब वाढवावा. ज्योत पिवळी झाली तर फुंकर मारू नका, चावी उघडा. दाब जाताच ज्योत खाली येते.

एकदा पेटलेल्या किंवा नुसत्या गरम असलेल्या स्टोव्हमध्ये स्पिरिट वा रॉकेल ओतणे हा अपघातांचा जुना मार्ग आहे. वाटीतले स्पिरिट कमी पडले असेल तर स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्यावा, चहाला उशीर झाला तरी चालेल. घरी जुना काकडा (स्पिरिटमध्ये भिजवून बर्नर तापवायचा चिमटा) सापडला तर तोही वापरू नये, पूर्वीच्या काकड्यांत ॲस्बेस्टॉसचा दोर असे.

वाऱ्यासाठी आडोसा करताना टाकी कोंडू नये आणि टाकीवर झाकोळ येईल एवढे मोठे पातेलेही ठेवू नये. टाकीला हात लावता येतो आहे ना, हे मधूनमधून पाहावे. तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नये. आगीइतकाच धोका कार्बन मोनॉक्साइडचा असतो आणि त्याला वास नसतो.

कातळवाटा :

दोघांचेही मनापासून आभार. वायसर भिजत घातला आहे. इंधन आणि पितळ हे दोन प्रश्न राहिले. शिवाय हा स्टोव्ह रेल्वेने नेता येतो का?

जुनीपितळ :

रेशनवरचे निळे रॉकेल आता दुर्मीळ झाले आहे. परवानाधारक विक्रेत्याकडे पांढरे रॉकेल मिळाले तर तेच सर्वोत्तम. कंदिलासाठी विकले जाणारे रंग-वास नसलेले पॅराफिन तेल हलके असेल तर चालते, पण औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन फार जड असते, ते घालू नये. डिझेलने नळ्यांत कार्बन धरतो. कोणतेही इंधन असो, बारीक जाळीच्या नरसाळ्यातून गाळून घ्यावे, म्हणजे निपलचे छिद्र मोकळे करायला वारंवार पिन मारावी लागणार नाही. पिन मारताना ती सरळ धरावी. तिरकी लागली तर छिद्र रुंदावते आणि ज्योत कायमची पिवळी राहते.

पितळाला चिंच किंवा लिंबू-मीठ पुरे, धुऊन लगेच कोरडे करावे. अमोनिया असलेले द्रावण टाळावे, कारण त्याने ताण असलेल्या पितळाला चिरा जातात. ठसे फार घासू नका.

रेल्वेने रॉकेल नेणे हा गुन्हा आहे आणि स्टोव्हलाही मनाई आहे, तेव्हा आपल्या किंवा भाड्याच्या गाडीनेच न्यावा.

रानवाटाड्या :

मामांच्या मोहिमांचा उल्लेख वाचून आनंद झाला. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये घडवलेला हा प्रकार नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांच्या उत्तर ध्रुवाकडील प्रवासात होता आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. थंडीत गॅसच्या डब्यातला दाब उतरतो, ब्यूटेन तर शून्याजवळच वाफ होणे थांबवते. या स्टोव्हमध्ये दाब आपल्या हातात असतो. मामांना विचारून त्यांचा पाना आणि पिनांची डबी मिळते का पाहा. व्हॉल्व्हचा तो पाना आज सहज मिळत नाही. शक्य असल्यास पहिल्यांदा अंगणात, त्यांना शेजारी बसवून पेटवा. बर्नर केव्हा तापला हे त्यांचा कान आधी ओळखेल.